मैदानी मुलखाचा नकाशा : बंगळूरच्या पठारावरील सर्वेक्षण

जमिनीचा उंचसखलपणा, पाण्याचे प्रवाह, वस्ती, रस्ते, शेती व झाडझाडोरा या सर्व गोष्टी एकाच कागदावर ठराविक प्रमाणात दाखविणाऱ्या नकाशास स्थलनिर्देशक नकाशा असे म्हणतात. असा नकाशा करावयाचा, तर डोंगराळ प्रदेश अवघड व सपाट प्रदेश सोपा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चालण्याच्या श्रमापुरती ती खरी आहे. सपाट मुलखात कडे चढावे लागत नाहीत व दऱ्या ओलांडाव्या लागत नाहीत. परंतु नकाशाच्या अचूकतेचा विचार केला असता नेमकी उलट स्थिती आढळते. जेथे जमीन जवळजवळ सपाट दिसते, तेथे उंचीतील एखाद्या मीटरच्या फरकावर पाणी कोणीकडे वाहील हे ठरते. आणि असा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजूनच काढावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बंगळूर शहराभोवतालचा शेतीप्रधान मुलूख. जुन्या म्हैसूर राज्याचे दोन भाग मानीत असत. पश्चिमेकडील डोंगराळ व पावसाळी भागास मलनाड, आणि पूर्वेकडील उघड्या भागास मैदान असे नाव होते. बंगळूर या मैदान भागात मोडते. १६३८ च्या सुमारास हाच प्रदेश शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागिरीदाखल आला होता, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

येथे मैदान हा शब्द गंगेच्या खोऱ्यासारख्या गाळाच्या सपाटीसाठी वापरलेला नाही. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठार आहे. त्याची जमीन लाटांप्रमाणे हळूहळू चढते व हळूहळू उतरते. मधूनमधून ग्रॅनाइटच्या एकाकी टेकड्या उठलेल्या दिसतात. सावनदुर्ग, शिवगंगा व नंदिदुर्ग ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. उरलेल्या भागात तांबडी माती, नाचणीची शेते, तुतीचे व भाजीपाल्याचे मळे आणि ठिकठिकाणी मातीचे बांध घालून अडविलेली तळी आहेत. बंगळूर शहरातून साधारणतः उत्तर-दक्षिण असा एक जलविभाजक जातो. त्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी वृषभावती व अर्कावती या नद्यांच्या वाटेने कावेरीस मिळते. पूर्वेस पडलेले पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. हा विभाजक एखाद्या डोंगररांगेसारखा नजरेत भरत नाही. त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या माणसासही आपण दोन नद्यांच्या सीमेवर उभे आहोत याची कल्पना नसते.

दोन प्रकारचे नकाशे

खेड्यातील शेतकऱ्यास परिचित असलेला नकाशा हा महसुली नकाशा होय. मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून जी जमीनमोजणीची पद्धती बसविली, तीच पुढे १८६३ पासून म्हैसूर राज्यातही लागू करण्यात आली. त्यामुळे बंगळूरजवळचा शेतकरी व बारामतीजवळचा शेतकरी हे दोघेही आपली जमीन आजतागायत एकर-गुंठ्यांतच सांगतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. या मोजणीतून तयार झालेल्या गावनकाशात एक इंच म्हणजे दहा साखळ्या, अर्थात ६६० फूट, असे प्रमाण पुष्कळदा आढळते. शेताची हद्द कोठे आहे, त्याचे क्षेत्रफळ किती आहे व सारा किती बसतो, या प्रश्नांची उत्तरे हा नकाशा देतो.

परंतु दोन शेतांपैकी उंचावर कोणते, एकातील पाणी दुसऱ्यात जाईल की नाही, शेजारच्या गावचे तळे भरल्यावर त्याचा सांडवा कोणत्या ओढ्यात वाहील, यांविषयी गावनकाशा काहीच सांगत नाही. गावाच्या शिवेपाशी तो संपतो. पाणी मात्र शिवेपाशी थांबत नाही. गावोगावचे शिवार एकत्र जोडून, प्रत्येक स्थळाची जागा व उंची एकाच मापाने ठरविणारा नकाशा हवा असतो. ते कार्य स्थलनिर्देशक नकाशा करतो. भारतात ही जबाबदारी १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आहे. त्याचे मुख्यालय डेहराडून येथे असून बंगळूर येथेही त्याचे कार्यालय आहे.

पहिली रेषा

विस्तीर्ण प्रदेशाचा नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी टाकीत गेल्याने तयार होत नाही. प्रत्येक मोजमापात थोडी चूक राहते व अशा चुका साठत जातात. म्हणून त्रिकोणांची पद्धती अवलंबितात. प्रथम जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजतात. तिला आधाररेषा म्हणतात. या रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एखादी टेकडी पाहून कोन मोजले, म्हणजे त्या टेकडीचे अंतर न चालताच गणिताने काढता येते. त्या टेकडीपासून पुढे आणखी त्रिकोण रचता येतात. सर्व प्रदेश अशा रीतीने त्रिकोणांच्या जाळ्यात बांधला जातो.

या कामात बंगळूरच्या मैदानास मोठा मान आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूर राज्याची मोजणी हाती घेण्यात आली. कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांनी गावे, रस्ते व तळी यांचे सर्वेक्षण चालविले. त्याच वेळी विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणांचे काम सुरू केले. १८०० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत लॅम्बटन यांनी बंगळूरजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची आधाररेषा मोजली. १८०२ साली त्यांनी मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे दुसरी आधाररेषा मोजली व तेथून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ झाला.

मद्रासपासून त्रिकोण रचीत सर्वेक्षक पश्चिमेकडे बंगळूरपर्यंत आले, तेव्हा हे दीर्घ गणित कितपत बरोबर आहे हे पडताळणे आवश्यक झाले. म्हणून १८०४ साली लॅम्बटन यांचे सहकारी जॉन वॉरन यांनी बंगळूरजवळ पुन्हा एक आधाररेषा जमिनीवर मोजली. मद्रासपासून गणिताने आलेली तिची लांबी व प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघा चार इंचांच्या आसपास फरक निघाला. सात मैलांहून लांब रेषेत एवढीच तफावत यावी, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती.

हे यश केवळ साखळीचे नव्हते. १०० फूट लांबीची पोलादी साखळी उन्हाने तापली की वाढते, गारव्याने आखडते. म्हणून ती लाकडी पेट्यांत सरळ ताणून ठेवीत, जवळ उष्णतामापक ठेवीत आणि तपमानानुसार प्रत्येक मापात दुरुस्ती करीत. अशा कामास उघडी व सपाट जमीन लागते. बंगळूरच्या नाचणीच्या शेतांनी ती पुरविली. आणि कोन मोजण्यासाठी लागणारी उंच स्थाने भोवतालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांनी दिली. पुढे गंगेच्या खोऱ्यात जेव्हा अशा टेकड्या मिळेनात, तेव्हा जॉर्ज एव्हरेस्ट यांना विटांचे उंच मनोरे बांधावे लागले. लॅम्बटन आपले काम करीत उत्तरेकडे सरकत गेले आणि २० जानेवारी १८२३ रोजी सध्याच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी तेथेच आहे.

उंची कशी मोजतात

त्रिकोणांच्या जाळ्यामुळे स्थळांची जागा निश्चित होते. उंचीसाठी निराळी साधना करावी लागते. भारतात उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. त्यासाठी निरनिराळ्या बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून ही पातळी ठरविण्यात आली. १९०९ साली पूर्ण झालेल्या उंचीच्या पहिल्या देशव्यापी जाळ्यास अशा नऊ बंदरांतील नोंदींचा आधार होता.

समुद्रापासून आत येताना पाणसळ लावलेली दुर्बीण मध्ये ठेवून, तिच्या मागे व पुढे आकडे रंगविलेल्या दोन काठ्या उभ्या करतात. आडव्या दृष्टिरेषेने दोन्ही काठ्यांवरील आकडे वाचले, म्हणजे त्यांची वजाबाकी हा त्या दोन जागांच्या उंचीतील फरक होय. असे शेकडो टप्पे करीत सर्वेक्षक किनाऱ्यापासून पठारापर्यंत येतो. वाटेत देवळाची पायरी, पुलाचा कठडा, रेल्वे स्थानकाचा ओटा अशा न हलणाऱ्या दगडी जागांवर खूण कोरून तिची उंची नोंदवून ठेवतात. या खुणेस तलचिन्ह म्हणतात. पुढे त्या भागात कोणासही कालवा, रस्ता किंवा तळे बांधावयाचे असेल, तर त्याला समुद्रापर्यंत जावे लागत नाही. जवळच्या तलचिन्हापासून आरंभ करता येतो. म्हणून अशी खूण असलेला जुना दगड केवळ जुना म्हणून उखडून टाकणे हे गावाचे नुकसान ठरते.

तिवईवरील फळी

जाळे व तलचिन्हे तयार झाल्यावर प्रत्यक्ष नकाशा रेखाटण्याचे काम सुरू होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, हे काम प्लेन टेबल या साधनाने होत असे. तिवईवर बसविलेली सपाट फळी, तिच्यावर ताणलेला कागद, दिशा पाहण्याची पट्टी, चुंबकसूची आणि उताराचा कोन मोजण्याचे लहान उपकरण एवढाच हा सरंजाम. कागदावर त्रिकोणांनी ठरविलेली स्थाने अगोदरच मांडलेली असतात. सर्वेक्षक शेताच्या बांधावर फळी समपातळीत ठेवतो, दूर दिसणाऱ्या तीन ज्ञात टेकड्यांकडे पट्टी लावून रेषा ओढतो, आणि त्या रेषा जेथे मिळतात तेथे आपण उभे आहोत हे त्यास कळते. मग तेथून दिसणारे देऊळ, विहीर, ओढ्याचे वळण, गावठाणाची कड यांच्याकडे रेषा ओढून तो नकाशा जागेवरच वाढवीत जातो.

डोंगरावर उभे राहिले असता खालचा सारा मुलूख एका दृष्टिक्षेपात दिसतो. मैदानात तसे होत नाही. आमराई, चिंचेची झाडे, उसाचा वा ज्वारीचा उभा फड, इतकेच नव्हे तर तळ्याचा पंधरा फुटी बांधही दृष्टी अडवितो. म्हणून मैदानातील सर्वेक्षकास अधिक ठिकाणी फळी मांडावी लागते. शिवाय हे काम पावसाळा संपल्यावर होते. मार्गशीर्षात भरलेले तळे चैत्रात कोरडे पडून त्यात भाजी पेरलेली असते. कोरडे तळे शेत समजून नकाशात घालणे ही मोठीच चूक होय. त्यामुळे सर्वेक्षक बांधावरील पाण्याच्या खुणा, सांडव्याची उंची व काठावरील झाडे पाहून भरलेल्या पाण्याची कड ठरवितो, आणि गावकऱ्यांना विचारतो. कर्नाटकातील खेड्यांत तळ्याचे पाणी वाटून देणाऱ्या गावकामगारास नीरगंटी म्हणतात. महाराष्ट्रातील पाटकऱ्यासारखेच त्याचे काम असते. पाणी कोठपर्यंत चढते हे त्याच्याइतके अचूक दुसरा कोणी सांगू शकत नाही.

गावांची नावे लिहून घेणे हादेखील सर्वेक्षणाचाच भाग आहे. कन्नडमध्ये केरे म्हणजे तळे. होसकेरेहळ्ळी म्हणजे नव्या तळ्याचे गाव. सिंगसंद्र, बोम्मसंद्र यांसारख्या नावांतील संद्र हे समुद्र या शब्दाचे रूप मानले जाते, आणि तेथे समुद्र म्हणजे मोठे तळे. आपल्याकडील तळेगाव या नावाप्रमाणेच ही नावे जमिनीविषयी साक्ष देतात. तळे बुजले तरी नकाशावरील नाव शिल्लक राहते.

रेषा व त्यांच्यामधील मोकळी जागा

समान उंचीच्या सर्व बिंदूंना जोडणाऱ्या रेषेस समोच्चरेषा म्हणतात. तळ्यातील पाण्याची कड ही निसर्गाने आखलेली समोच्चरेषाच होय. पाणी एक मीटरने वाढले की नवी कड तयार होते. अशा अनेक कडा एकाच कागदावर काढल्या, तर त्या भूभागाचा आकार ध्यानात येतो. रेषा दाट असल्या तर चढ तीव्र, विरळ असल्या तर जमीन मंद उताराची असे समजावे.

भारतात दशमान पद्धती स्वीकारल्यानंतर एक इंचास एक मैल या प्रमाणाचे जुने नकाशे मागे पडून १:५०,००० हे प्रमाण रूढ झाले. या नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावर समोच्चरेषा बहुधा २० मीटरच्या अंतराने काढतात. आता बंगळूरजवळील एखाद्या शिवारात दर २०० मीटर अंतरास एक मीटर उतार आहे असे समजू. तेथे २० मीटर खाली उतरण्यास चार किलोमीटर चालावे लागेल. म्हणजेच नकाशावर एका रेषेपासून दुसरी रेषा आठ सेंटिमीटर दूर पडेल. या आठ सेंटिमीटरच्या मोकळ्या जागेत एक गाव, दोन तळी व शेकडो शेते सहज मावतात, आणि त्यांच्यामधून एकही समोच्चरेषा जात नाही.

चुकीचा परिणामही पाहण्यासारखा आहे. दोन मीटर अंतरास एक मीटर चढणाऱ्या डोंगरउतारावर उंची मोजताना एक मीटरची चूक झाली, तर समोच्चरेषा जमिनीवर दोन मीटरच सरकते. १:५०,००० च्या नकाशावर ते अंतर दिसतच नाही. परंतु दोनशेस एक असा उतार असलेल्या शेतात तीच चूक रेषेस २०० मीटर सरकवते, व नकाशावर तिची जागा चार मिलिमीटरने बदलते. मैदानाचा नकाशा अवघड असतो असे आरंभी म्हटले, त्याचे कारण हे होय.

मग मोकळ्या जागेतील उंचसखलपणा नकाशा सांगतो कसा? त्यासाठी तो अन्य खुणांचा आश्रय घेतो. ठिकठिकाणी बिंदू देऊन त्यांची उंची आकड्यांत लिहितात. ओढे व नाले काढतात. त्यांच्या शाखा ज्या दिशेने एकत्र येतात ती उताराची दिशा असते. बांध, नदीचा कडा किंवा खोलगट रस्ता यांच्याजवळ भोवतालच्या जमिनीपेक्षा तो किती उंच वा खोल आहे हे लहान आकड्याने दाखवितात. सर्वांत बोलकी खूण तळ्याची असते. तळ्याचा बांध उताराच्या खालच्या बाजूस असतो, वरच्या बाजूस पाण्याची कड पसरट व वाकडीतिकडी असते, आणि बांधाच्या खाली पाटांनी भिजणारी शेते असतात. म्हणून समोच्चरेषा नसली तरी बांध पाहताच पाण्याची दिशा कळते.

पत्रक वाचावे कसे

भारताच्या नकाशांची प्रचलित जुनी क्रमवारी अशी आहे. चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश एवढ्या चौकोनास एक क्रमांक दिलेला आहे. बंगळूरचा चौकोन ५७ क्रमांकाचा आहे. त्याचे ए पासून पी पर्यंत सोळा भाग पाडतात, व प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके होतात. बंगळूर शहराचा बहुतेक जुना भाग ५७ एच/९ या पत्रकात येतो. त्याच्या उत्तरेस येलहंका भागाचे ५७ जी/१२ हे पत्रक लागते. याच पद्धतीने पुणे ४७ एफ या भागात सापडते. प्रत्येक पत्रक पंधरा कला अक्षांश व पंधरा कला रेखांश एवढे असते. बंगळूरच्या अक्षांशावर त्यात सुमारे २७ किलोमीटर लांबीरुंदीचा, म्हणजे जवळपास ७५० चौरस किलोमीटरचा मुलूख सामावतो.

पत्रक उघडल्यावर प्रथम समासातील सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे. नकाशा हा त्या वर्षाचा साक्षीदार आहे, आजचा नव्हे. नंतर रंगांकडे वळावे. लागवडीची जमीन पिवळी, झाडी हिरवी, पाणी निळे, समोच्चरेषा तपकिरी, घरे व मोठे रस्ते तांबडे, आणि बांध, रेल्वे व कोरडे नाले काळे असा संकेत आहे. बंगळूरच्या पठारावरील जुन्या पत्रकांत पिवळा रंग सर्वत्र पसरलेला दिसतो व त्यावर निळ्या तळ्यांच्या माळा ओवलेल्या दिसतात. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यास, त्याचा त्याच्या खालच्यास, असा हा क्रम असतो. म्हैसूरचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी १८६६ साली असा अभिप्राय नोंदविला होता, की या प्रदेशात पाणी साठविण्याचे तत्त्व इतक्या पूर्णतेने अमलात आले आहे, की नव्या तळ्यास योग्य जागा शोधून काढणेही कठीण जावे.

एवढी तळी येथेच का झाली, याचेही उत्तर मंद उतारात आहे. दोनशेस एक अशा उतारावर चार मीटर पाणी अडविले, तर ते वरच्या बाजूस ८०० मीटरपर्यंत पसरते. थोड्या मातीने मोठे तळे होते. ज्यांनी हे बांध घातले त्यांच्यापाशी समोच्चरेषांचा नकाशा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी पाहून त्यांनी जमिनीची पातळी ओळखली होती. सर्वेक्षणाने ते ज्ञान कागदावर आणले.

आकाशातून मोजणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी तिवईवरील फळीची जागा हळूहळू घेतली. एकाच शिवाराची दोन ठिकाणांवरून घेतलेली छायाचित्रे विशिष्ट उपकरणातून दोन डोळ्यांनी पाहिली असता जमीन उठावाने दिसते व उंची मोजता येते. हेच तत्त्व पुढे उपग्रहांत वापरण्यात आले. बंगळूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर पुढे व मागे रोखलेले दोन कॅमेरे याच हेतूने बसविले होते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत चालकरहित लहान विमानांनी, म्हणजे ड्रोनने, गावठाणांची मोजणी करण्यात येऊ लागली; कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये तिच्या पहिल्या टप्प्यात होती.

तथापि आकाशातून मिळालेली उंची मैदानात सावधपणे वापरावी लागते. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. डोंगरात ती चालून जाते. शेतातील पाट काढताना चालत नाही. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणारे यंत्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजते, समुद्राच्या पातळीपासून नव्हे. दक्षिण भारतात या दोन पृष्ठभागांत मोठे अंतर आहे. बंगळूर येथे यंत्राने दिलेली अशी मूळ उंची समुद्रसपाटीच्या हिशेबाने येणाऱ्या उंचीपेक्षा ऐंशीहून अधिक मीटर कमी भरते. ही दुरुस्ती करूनच ती वापरावी लागते. त्यामुळे पाणसळ, काठी व तलचिन्ह यांचे महत्त्व अद्यापि कमी झालेले नाही.

नकाशाची आजची गरज

स्वातंत्र्यानंतर बंगळूर शहर वेगाने वाढले. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ८४ लाखांवर गेली. पत्रकांवरील पिवळ्या शेतांच्या जागी वसाहती, कारखाने व कार्यालये उभी राहिली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी शहराचे मुख्य बसस्थानक आले. संपंगी तळ्याच्या बहुतांश जागेवर कंठीरवा क्रीडांगण झाले. एका तळ्यातून दुसऱ्यात पाणी नेणारे जे मोठे नाले होते, त्यांस तेथे राजकालुवे म्हणतात. यांपैकी अनेक नाले अरुंद झाले, काही बांधकामाखाली गेले.

ज्या मंद उतारामुळे थोड्या मातीने मोठे तळे होते, त्याच उतारामुळे थोड्या भरावाने मोठा पूर येतो. दोनशेस एक अशा उतारावर नाल्याच्या वाटेत दीड मीटर उंच रस्ता आडवा घातला व त्याखाली पुरेशी मोरी ठेवली नाही, तर पाणी वरच्या बाजूस ३०० मीटरपर्यंत तुंबते. रस्ता बांधणाऱ्यास ते धरण वाटत नाही. पाण्याच्या दृष्टीने मात्र ते धरणच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्व भागात, बेळंदूर तळ्याच्या आसपास व बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर, मोठा पूर आला. लोकांना ट्रॅक्टर व नावा यांतून बाहेर काढावे लागले. त्या सुमारास नाल्यांवरील अतिक्रमणांची चर्चा झाली. पूर्वी तळे कोठे होते व नाला कोणत्या वाटेने जाई, हे ठरविण्यास जुने गावनकाशे व जुनी स्थलनिर्देशक पत्रके हीच मुख्य साधने आहेत. गावनकाशा नाल्याची हद्द व त्याचे क्षेत्र सांगतो. स्थलनिर्देशक पत्रक तो नाला कोणत्या तळ्यातून निघून कोणत्या तळ्यास मिळत होता हे सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

हा प्रश्न एकट्या बंगळूरचा नाही. महाराष्ट्रातील वाढत्या शहरांच्या कडेला असलेल्या सपाट शिवारांतही ओढे बुजविले जात आहेत, बांधांवरून रस्ते जात आहेत आणि गावतळ्यांच्या जागा विसरल्या जात आहेत. पूर्वी स्थलनिर्देशक पत्रके सर्वसामान्यांस मिळण्यास अडचणी पडत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांना खुली अशी निराळी मालिका निर्माण केली, आणि २०१७ साली तिच्यातील पत्रके संगणकजालावरून विनामूल्य मिळण्याची सोय झाली. शाळेस किंवा ग्रंथालयास आपल्या गावाचे पत्रक मिळविणे आता कठीण राहिलेले नाही.

असे पत्रक मिळाल्यावर विद्यार्थ्यांनी प्रथम त्यावर आपली शाळा शोधावी. मग जवळच्या ओढ्याचा उगम व शेवट शोधून काढावा. पत्रकावर असलेले पण आज न दिसणारे तळे, विहीर किंवा नाला आढळल्यास त्या जागी जावे, वृद्ध गावकऱ्यांना विचारावे व आता तेथे काय आहे ते तारखेसह वहीत नोंदवावे. पावसाळ्यात एकदा त्याच वाटेने पुन्हा जाऊन पाणी कोठे तुंबते ते पाहावे. एक पारदर्शक नळी, तिच्यात भरलेले पाणी व दोन काठ्या एवढ्या साहित्याने दोन जागांच्या पातळीतील फरक विद्यार्थ्यांना स्वतः काढता येतो. गवंडी घराचा पाया घालताना हीच युक्ती वापरतो. अशा नोंदी चार-पाच वर्षे ठेवल्या, तर नवा रस्ता वा नवी वसाहत आखताना ग्रामपंचायतीपुढे मांडण्याजोगे काहीतरी निश्चित असे शाळेपाशी जमा होईल.